लॉरी बेकर यांची गृहरचना

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने हे दोन्ही अनुभव स्वतः पदरमोड करून घेतलेले असावेत, यात आम्हांस शंका वाटत नाही. त्यातही लग्नाचा खर्च चार दिवसांत आटोपतो. घराचा खर्च मात्र पाया खणल्यापासून वास्तुशांतीपर्यंत, आणि पुष्कळदा त्यानंतरही, वाढतच राहतो. आमच्या मध्यम वर्गातील गृहस्थ जन्माची पुंजी घरात घालतो, वर कर्ज काढतो आणि ते फेडीत म्हातारा होतो. परंतु ज्या घरासाठी एवढे केले, त्यातला कोणता भाग घरच्या माणसांच्या सुखासाठी आहे आणि कोणता केवळ येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे, हा हिशेब मांडण्यास त्याला सवड होत नाही. हा हिशेब ज्यांनी जन्मभर, शेकडो घरांच्या बाबतीत, विटेविटेने मांडून दाखविला असे एक गृहस्थ केरळात तिरुवनंतपुरम नगरी होऊन गेले. त्यांचे नाव लॉरी बेकर. त्यांचे चरित्र व त्यांची घरे यांविषयी काही विचार वाचकांपुढे ठेवावेत, असा या लेखाचा हेतू आहे.

बेकर यांचा जन्म इ.स. १९१७ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी झाला. त्याच शहरात त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले व १९३७ साली ते पूर्ण केले. तरुणपणीच ते क्वेकर पंथाकडे वळले. ख्रिस्ती धर्मातील या पंथास युद्ध वर्ज्य आहे, आणि पोशाखात, भाषणात व राहणीत साधेपणा राखणे हा त्याच्या शिकवणीचा भागच आहे. ज्याला पुढे घरांची अंतर्बाह्य रचना करावयाची होती, त्याच्या मनावर असा संस्कार आधीच झालेला असावा ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. थोड्याच काळात दुसरे महायुद्ध पेटले. बेकर यांनी शस्त्र हाती न धरता आपल्या पंथाच्या रुग्णसेवा पथकातून चीन देशाची वाट धरली आणि तेथे कुष्ठरोग्यांची शुश्रूषा पत्करली.

महायुद्धाच्या उत्तरार्धात प्रकृती खालावल्यामुळे ते स्वदेशी परतावयास निघाले. जहाजाच्या प्रतीक्षेत त्यांना काही काळ मुंबईस राहावे लागले, आणि तेथेच त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. बेकर यांच्या पायांत कापडाच्या चिंध्यांपासून केलेले जोडे होते व गांधीजींचे लक्ष प्रथम त्या जोड्यांकडे गेले, अशी हकीकत सांगतात. टाकाऊ वस्तूतून उपयोगी वस्तू करणारा हा परदेशी तरुण गांधीजींस आवडला असल्यास नवल नाही. हिंदुस्थानातील खेड्यांस व गरिबांस तुमच्या विद्येची गरज आहे, असे गांधीजींनी त्यांस सुचविले. घरास लागणारे सर्व साहित्य घराच्या आसपास पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी उराशी धरला तो कायमचाच. १९४५ साली कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या एका मिशनचे वास्तुकार म्हणून ते या देशात परत आले. १९४८ साली त्यांनी एलिझाबेथ जेकब या केरळीय डॉक्टर स्त्रीशी विवाह केला.

विवाहानंतर हे जोडपे हिमालयाकडे गेले आणि पिथोरागड येथे सुमारे सोळा वर्षे राहिले. पत्नीने रुग्णालय चालवावे, पतीने ते बांधावे, दुरुस्त करावे आणि वेळप्रसंगी पत्नीच्या हाताखाली रुग्णसेवाही करावी, असा त्यांचा संसार होता. याच काळात बर्मिंगहॅमच्या विद्यालयात मिळविलेली विद्या किती अपुरी आहे, हे बेकर यांस कळून चुकले. वाळवी, मुसळधार पाऊस, शेणमातीच्या भिंती, जांभा दगड, यांपैकी एकाही गोष्टीचा धडा त्यांच्या पाठ्यपुस्तकांत नव्हता. उलट ज्या पहाडी माणसास लिहितावाचता येत नव्हते, तो आपल्या पायाखालच्याच दगडाचे, मातीचे व लाकडाचे असे घर उभारीत होता की थंडीवाऱ्याने व उतारावरून लोटणाऱ्या पाण्याने त्यास धक्का लागू नये. बेकर यांनी या माणसास गुरू केले. ‘अडाणी’ म्हणून ज्या बांधणीकडे आपण पाठ फिरवितो, ती पुष्कळदा पिढ्यानुपिढ्यांच्या प्रयोगांचे सार असते. तिच्यात जी गोष्ट आहे तिला कारण आहे, हा त्यांचा सिद्धांत येथे निश्चित झाला. पदवीधर मनुष्याने हा सिद्धांत नुसता मान्य करणेही कठीण. मग त्याबरहुकूम आचरण करणे किती कठीण असेल, याची कल्पना वाचकांस सहज येईल.

१९६३ साली बेकर दांपत्य केरळातील वागमण या डोंगराळ प्रदेशात आले, आणि १९७० च्या सुमारास तिरुवनंतपुरमास स्थायिक झाले. त्या वेळी बेकर यांची पन्नाशी उलटली होती. ज्या वयात आमचे नोकरदार निवृत्तीवेतनाचे आकडे मांडू लागतात, त्या वयात या गृहस्थाचे खरे कार्य सुरू झाले. काळ अनुकूल होता. १९७० ते १९७७ या काळात केरळचे मुख्यमंत्रिपद सी. अच्युत मेनन यांजकडे होते. आणि अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज हे तेथे ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ ही संशोधनसंस्था उभारीत होते. तिच्या इमारतींचे काम १९७१ साली बेकर यांजकडे आले. उळ्ळूरच्या टेकडीवरील हा परिसर म्हणजे त्यांच्या पद्धतीचे प्रदर्शनच होय. पुढे १९८५ साली राज, मेनन व बेकर यांनी इतर सहकाऱ्यांसह ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था त्रिचूर येथे काढली व स्वस्त घरांची विद्या इतरांस शिकविण्याची सोय केली. परंतु या मोठ्या कामांपेक्षाही नगरातील प्राध्यापक, कारकून, लेखक, पत्रकार, पेन्शनर अशा साध्या गृहस्थांसाठी त्यांनी जी असंख्य घरे बांधली, ती आम्हांस अधिक विचारार्ह वाटतात.

हल्ली घर बांधणारा एक आणि ते आतून सजविणारा दुसरा, अशी कामाची वाटणी झालेली दिसते. प्रथम वास्तुकाराने चार भिंती उभ्या कराव्या. मग सजावटकाराने येऊन त्या भिंती झाकाव्या, छत झाकावे, आणि जे झाकता येणार नाही त्यापुढे पडदा सोडावा. बेकर यांस ही वाटणीच मान्य नव्हती. घराचे बाह्यांग व अंतरंग हा एकाच वस्तूचा विचार आहे, असे ते मानीत. त्यांजकडे कोणी घर मागावयास गेला म्हणजे कुटुंबात माणसे किती, कोण केव्हा उठते, स्वयंपाक कोण करते, म्हाताऱ्या माणसास ऊन कोठे हवे, मुले अभ्यास कोठे करतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाठीस पैसा किती आहे, याची ते चौकशी करीत. नंतर जागेवर जाऊन झाडे, उतार, वारा व पावसाची दिशा पाहत. नकाशासाठी कोऱ्या कागदाची मिजास नसे. जुन्या पाकिटांची व पत्रांची पाठकोरी बाजू त्यांस पुरे होई. आणि नकाशा झाल्यावर ते मक्तेदाराच्या हाती काम सोपवून मोकळे होत नसत. स्वतः गवंड्यांबरोबर उभे राहत व भिंत चढत असता सुचेल तो फेरफार तेथल्या तेथे करीत. वाटेत झाड आले तर भिंत वळे, झाड पडत नसे.

त्यांच्या सर्व रचनेच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता: ही वस्तू अवश्य आहे काय? भिंतीपासूनच प्रारंभ करू. भिंतीस गिलावा कशासाठी? वीट चांगली भाजलेली असेल व सांधे नीट भरलेले असतील, तर गिलावा नसल्याने भिंत पडत नाही. गिलावा केला की रंग आला. रंग आला की दर काही वर्षांनी तो पुन्हा देणे आले. म्हणजे एकदा केलेली हौस जन्मभर व्याज मागत राहते. बेकर यांनी गिलावा काढून टाकला आणि विटेचा तांबूस रंग व तिच्या रांगांची वीण हीच भिंतीची शोभा ठरविली. त्याहीपुढे जाऊन त्यांनी विटांची जी रचना प्रचारात आणली, तिला इंग्रजीत ‘रॅट-ट्रॅप’ म्हणजे उंदराचा सापळा असे गमतीचे नाव आहे. तिच्यात विटा सपाट न ठेवता धारेवर उभ्या ठेवतात. त्यामुळे नऊ इंचांच्या भिंतीच्या पोटात सुमारे तीन इंचांची पोकळी राहते, विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात, आणि पोकळीतील हवेमुळे बाहेरचे ऊन आत लवकर शिरत नाही. खर्च कमी आणि घर थंड, असा दुहेरी लाभ एका साध्या युक्तीने साधला.

छताचेही तसेच. काँक्रीटच्या स्लॅबवर भार आला म्हणजे तिचा वरचा भाग दाबला जातो व खालचा ताणला जातो. दाब सोसण्यास काँक्रीट समर्थ आहे. ताण सोसते ते आतील लोखंड. अर्थात स्लॅबच्या खालच्या भागातील पुष्कळसे काँक्रीट नुसते ओझे वाढविण्याचेच काम करते. बेकर यांनी त्या जागी लोखंडी सळ्यांच्या दरम्यान मंगलोरी कौले बसविली. जुन्या घरांची उतरलेली कौलेही याकामी चालत. सिमेंट वाचले, छपराचे वजन घटले. आणि घरात बसून वर पाहिले असता कौलांच्या तांबड्या चौकटींची नक्षी दिसू लागली, ती निराळीच. येथे शोभा आहे, परंतु शोभेसाठी एक पैही खर्चलेली नाही. बांधणीच्या गरजेतूनच ती निघाली आहे. आमच्या मते बेकर यांच्या सौंदर्यदृष्टीचे सर्व रहस्य या एका छतात सापडते.

खिडकी ही घरातील फार खर्चाची वस्तू. तिला चौकट हवी, झडपा हव्या, बिजागऱ्या, कड्या, गज व काचा हव्या; आणि एवढे करून ऊन फार आले की पडदा हवा. खिडकीचे काम काय, असा प्रश्न बेकर यांनी केला. उजेड व वारा आत यावा, चोर येऊ नये, आतल्यांस बाहेरचे दिसावे, बाहेरच्यांस आतले दिसू नये, एवढेच ना? मग विटा अंतराअंतराने ठेवून केलेली जाळी हे सर्व करते. त्रावणकोरात दोन पावसाळे येतात. हवा दमट असते, आणि वारा खेळता नसेल तर घामाने जीव नकोसा होतो. अशा प्रदेशी घराची भिंतच श्वास घेऊ लागली तर त्याहून अधिक सुख कोणते? ही कल्पना त्यांनी परदेशाहून आणलेली नव्हती. त्रावणकोरच्या राजांच्या पद्मनाभपुरम येथील जुन्या प्रासादात लाकडी जाळ्यांतून झिरपणारा उजेड व वारा आजही अनुभवता येतो. राजाच्या घरी जे लाकडात होते ते बेकर यांनी कारकुनाच्या घरी विटेत आणले. या जाळीतून सकाळची उन्हे आली म्हणजे जमिनीवर कवडशांची रांगोळी पडते आणि दिवसभर ती आपली जागा बदलीत राहते. क्वचित जुन्या रंगीत बाटल्या भिंतीत चिणून त्यांनी उजेडालाही रंग दिला.

त्यांच्या कित्येक घरांतील खोल्या चौकोनी नसून वर्तुळाकार आहेत. हाही लहरीपणा नव्हे. चारशे चौरस फुटांची चौरस खोली केली तर भिंतीची लांबी ऐंशी फूट भरते. तेवढीच जागा वर्तुळात घेतली तर सुमारे एकाहत्तर फुटांत काम भागते. परंतु गोल खोलीत बाजारचे कपाट भिंतीस लागत नाही, अशी शंका कोणी घेईल. आणि ती खरी आहे. बेकर यांनी तिचे उत्तर कपाटच भिंतीत घालून दिले. बसावयाचा ओटा, पुस्तकांचे कप्पे, दिव्याचा कोनाडा, खिडकीखालची बैठक ही सर्व वीटकामातच घडविल्यावर सामानाची खरेदी पुष्कळशी आपोआप टळते. ज्यांचे बालपण कोकणातील वा देशावरील जुन्या घरात गेले असेल, त्यांस यात नवे काही वाटणार नाही. कोनाडे, फडताळे, ओटीवरची बैठक, भिंतीतल्या खुंट्या यांवर आमच्या आज्यांचे संसार सुखाने चालत असत. टेबल, खुर्ची व कपाट यांनी घर भरले पाहिजे ही समजूत अगदी अलीकडची आहे, हे आपण विसरलो इतकेच. तिरुवनंतपुरमच्या रेल्वे स्थानकाजवळ, तंपानूर येथे, ‘इंडियन कॉफी हाऊस’ची जी इमारत बेकर यांनी बांधली, तिच्यात हा विचार पराकोटीस गेलेला आहे. तेथे मजले असे नाहीतच. एकच उतरण मळसूत्राप्रमाणे वर चढत जाते, आणि तिच्या कडेने बाके व मेजे इमारतीच्या अंगचीच होऊन बसली आहेत.

त्यांचे स्वतःचे घर नालंचिरा येथील एका खडकाळ, पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या टेकडीवर होते. त्यास ‘हॅम्लेट’ म्हणजे वाडी असे नाव. खडक फोडून सपाटी करावी हा सर्वसाधारण मार्ग. बेकर यांनी खडकाच्या चढउताराबरोबर घरही चढते उतरते केले. इतर ठिकाणी पाडलेल्या इमारतींचे दरवाजे, लाकूडसामान, फुटक्या फरशा यांस तेथे आश्रय मिळाला. ज्याने लोकांस काटकसर शिकविली, तो स्वतः त्याच काटकसरीत आनंदाने राहिला. आणि उपदेशकांच्या मांदियाळीत ही गोष्ट विरळाच समजली पाहिजे.

येथवरचे वर्णन वाचून हे सर्व निर्विवाद यशाचे आख्यान आहे असा ग्रह होण्याचा संभव आहे. परंतु इतिहासास स्तुतिपाठ मानवत नाही. बेकर यांनी ही विद्या मुख्यतः गरिबांसाठी आरंभिली होती. पूंतुरा येथील मच्छीमारांसाठी त्यांनी घरे बांधली. नगरातील झोपडपट्टीतील लोकांसाठीही बांधली. तथापि त्यांच्या पद्धतीचा पुरस्कार हौसेने केला तो विशेषतः सुशिक्षित मध्यम वर्गाने. याचे कारण शोधू जाता मन थोडे खिन्न होते. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, ज्याची प्रतिष्ठा पदवीवर उभी आहे, त्यास उघड्या विटेची भिंत हे अभिरुचीचे लक्षण म्हणून मिरविता येते. ज्याच्या बापजाद्यांस गिलाव्याची भिंत कधी लाभलीच नाही, त्यास मात्र तीच उघडी वीट आपल्या दारिद्र्याची पाटी वाटते. साधेपणा ज्याने निवडला त्याचे तो भूषण. ज्याच्यावर तो लादला गेला त्याचे ते दुःख. गरिबाने गिलावा मागितला म्हणून त्यास हसण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही. त्याच्या मनात गिलाव्याला मान आमच्यासारख्यांच्याच घरांनी मिळवून दिला आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. बेकर यांच्या पद्धतीत सिमेंट, लोखंड व काच यांवरील पैसा वाचून तो गवंड्याच्या हाती जातो. ते हेतुपुरस्सरच होते. कारखान्यास जाणारा पैसा गावातील कारागिरास मिळावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु केरळात मजुरीचे दर पुढे फार चढले. उघड्या विटेचे काम तर कसबी हातच मागते. त्यात चूक झाली तर झाकावयास गिलावा नसतो. त्यामुळे जे एके काळी निःसंशय स्वस्त होते ते सर्वत्र तितकेच स्वस्त राहिले असे म्हणवत नाही. शिवाय वीट भाजावयास जळण लागते, आणि तिच्यासाठी भातशेतीची माती खणली जाते, हेही खरे. या आक्षेपांनी बेकर यांची पद्धत सदोष ठरते काय? आमचे उत्तर असे की, पद्धतीतील एखादे कलम जुने होईल. परंतु ज्या प्रश्नातून ती निघाली तो प्रश्न जुना होत नाही. जेथे वीट महाग तेथे जांभा घ्यावा, जेथे जांभा नाही तेथे माती घ्यावी. ‘हे अवश्य आहे काय’ हे विचारणे मात्र सोडू नये. बेकर यांच्या भिंतींची हुबेहूब नक्कल करून, त्यांवर आणखी पैसा ओतून, ‘बेकर पद्धतीचा बंगला’ म्हणून मिरविणारा मनुष्य त्यांचा शिष्य नव्हे.

सरकारी मानसन्मान उशिरा का होईना, पण आले. बेकर यांस भारताचे नागरिकत्व मिळाले व १९९० साली पद्मश्री हा किताब मिळाला. दिनांक १ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी आपल्या टेकडीवरील त्याच घरी देह ठेवला.

त्यांच्या चरित्रापासून आम्हांस जो बोध घ्यावयाचा तो वीट किंवा कौल यांविषयीचा नाही. पुण्यामुंबईच्या सदनिकेत राहणाऱ्याच्या हाती ना पाया असतो ना छप्पर. भिंतीस जाळी पाडावयास तो गेला तर शेजारी तक्रार करतील. परंतु त्याच्या हाती आतले घर असते. ते सजवावयास बसण्यापूर्वी त्याने कुटुंबातील माणसांस जवळ बसवून बेकर यांचे प्रश्न विचारून पाहावे. आईला दुपारी पडावयास शांत कोपरा आहे काय? मुलास वाचावयास दिवसाचा उजेड मिळतो काय? जी खोली पाहुण्यांसाठी म्हणून वर्षभर झाकून ठेविली आहे, तिच्यात पाहुणे किती दिवस राहतात? या प्रश्नांची उत्तरे बहुधा अडचणीची निघतील. परंतु ती पुसण्यास पैसा पडत नाही. घर पाहावे बांधून, हे खरेच. तथापि बांधण्यापूर्वी ते कोणासाठी बांधावयाचे हे एकदा नीट पाहिले, तर त्या म्हणीतील पुष्कळसा त्रास वाचेल, असे आम्हांस वाटते.